माणिक की लाल स्पिनेल? प्रकाशाने करायची पारख

नुसत्या रंगावर जाऊ नका. दोन्ही खड्यांची लाली क्रोमियमचीच, आणि अतिनील दिव्याखाली दोन्हीही लाल चमकू शकतात. ब्रिटिश राजमुकुटातला प्रसिद्ध ‘ब्लॅक प्रिन्सेस रुबी’सुद्धा प्रत्यक्षात स्पिनेल आहे. खरा फरक असा: माणकात शिरलेला किरण दुभंगतो, स्पिनेलमध्ये एकच राहतो.

आधी पोलॅरिस्कोप, म्हणजे एकाच दिशेने कंप पावणारा प्रकाश सोडणाऱ्या दोन काचा (पोलरायझर) एकावर एक असलेलं यंत्र. वरची काच फिरवून दृश्य पूर्ण काळोखं करा, मधे खडा ठेवून तो सावकाश एक फेरा फिरवा. माणिक चार वेळा उजळतं, चार वेळा मावळतं. स्पिनेल काळोखंच राहतं. कधी आतल्या ताणामुळे वेड्यावाकड्या छटा हलतात, त्यांना उजळणं समजू नका. माणिकही त्याच्या प्रकाशीय अक्षाच्या, म्हणजे ज्या दिशेने किरण दुभंगत नाही त्या दिशेने पाहिलं तर काळोखं राहतं. म्हणून खडा कुशीवर वळवून आणखी दोन दिशांनी पाहा. डायक्रोस्कोप म्हणजे दुभंगलेल्या किरणांचे रंग शेजारी दाखवणारी छोटी नळी. तिच्यातही खडा असाच वेगवेगळ्या दिशांनी पाहा: माणकात शेजारच्या दोन चौकटींत जांभळट लाल आणि नारिंगी लाल दिसतो, स्पिनेलमध्ये दोन्हीकडे एकच रंग.

निकाल मात्र रिफ्रॅक्टोमीटरवर लागतो. खड्यात शिरताना प्रकाश किती वळतो त्याचा आकडा, म्हणजे अपवर्तनांक, हे यंत्र मापपट्टीवरच्या रेषेने दाखवतं. खडा आणि यंत्राची काच पुसून घ्या. १.८१ अपवर्तनांकाच्या द्रवाचा थेंब मोहरीएवढाच हवा. जास्त झाला तर खडा तरंगतो आणि रेषा धूसर होते. सर्वांत मोठा पैलू खाली ठेवून, सोडियमच्या पिवळ्या प्रकाशात, खडा थोडाथोडा फिरवत दर वेळी रेषा वाचा. डोळ्याजवळचं पोलरायझर फिरवलं की माणकात रेषा १.७६२ ते १.७७० दरम्यान सरकते. फरक साधारण ०.००८. स्पिनेलची रेषा १.७१८ च्या आसपास एकाच जागी. १.८१ जवळची पुसट रेषा द्रवाची असते, खड्याची नव्हे. काम झाल्यावर द्रव लगेच पुसा: वाळला की गंधकाचे स्फटिक उरतात, आणि यंत्राची काच मऊ असल्याने तिच्यावर खडा घासत नेऊ नये, बोटाने हलकेच सरकवावा.

लाल गार्नेटही किरण दुभंगत नाही. त्याचा अपवर्तनांक बहुधा १.७४ च्या वर जातो, पण काही पायरोप (लाल गार्नेटचा एक प्रकार) स्पिनेलच्या अगदी जवळ येतात; तिथे अतिनील दिवा उपयोगी, कारण गार्नेट सहसा चमकत नाही.

कृत्रिम माणकाचे आकडे हुबेहूब नैसर्गिकासारखेच येतात. तिथे दहापट भिंगाखाली वक्र वाढरेषा आणि वायूचे बुडबुडे शोधावे लागतात.