मोठी मूळ संख्या पूर्ण न लिहिता कशी पारखावी

ऑक्टोबर २०२४ मध्ये सापडलेली ‘२ चा १३,६२,७९,८४१ वा घात वजा १’ ही मूळ संख्या कागदावर उतरवू पाहणाऱ्याला वह्यांचे गठ्ठे अपुरे पडतील. परंतु तिचे बरेच गुणधर्म नुसत्या घातांकावरून निघतात, आणि गुहागरसारख्या गावी आषाढात वीज गेलेली असली तरी पडवीत पाटी-पेन्सिल घेऊन ते काढता येतात.

प्रथम शेवटचा अंक काढावा. २ च्या घातांचे शेवटचे अंक २, ४, ८, ६ अशा फेऱ्याने येतात. घातांकाला ४ ने भागल्यास बाकी १ उरते, म्हणून घात २ ने संपतो आणि आपली संख्या १ ने.

अंक किती, हे पाहण्यासाठी घातांकाला २ च्या लॉगने (१० चा कितवा घात २ होतो, त्या आकड्याने) गुणून पूर्णांक भागात १ मिळवावा. येथे घाई नडते: लॉग ०.३०१०३ धरला तर उत्तर ४,१०,२४,३२१ येते, म्हणजे एकाने जास्त. ०.३०१०२९९९५७ धरल्यास गुणाकार ४,१०,२४,३१९.९५ येतो आणि खरे उत्तर ४,१०,२४,३२० मिळते. उरलेल्या अपूर्णांकाचा अँटिलॉग (१० चा तेवढा घात) ८ आणि ९ यांच्यामध्ये पडतो, म्हणून पहिला अंक ८.

संख्या मूळ आहे का, हे ठरवण्याची रीत लहान उदाहरणावर शिकावी. घातांक मूळ असणे पुरेसे नाही. घातांक ११ घेतल्यास २०४७ मिळते आणि ती २३ गुणिले ८९ आहे. घातांक ७ घेतल्यास मात्र १२७ मिळते. खळ्यात १२७ नारळ मांडले, तर एकच लांब ओळ सोडून समान ओळी कधीच जमत नाहीत. याचे कारण सुंदर आहे: अशा संख्येचा कोणताही मूळ विभाजक घातांकाच्या दुपटीच्या, येथे १४ च्या, पटीपेक्षा १ ने मोठा असावा लागतो, म्हणजे किमान १५, आणि १२७ चे वर्गमूळ १२ च्याही आत आहे, तेव्हा भागाकार करण्याची गरजच उरत नाही.

मोठ्या घातांकांसाठी ल्युकास-लेमर कसोटी वापरावी. ४ पासून सुरुवात करून वर्ग करावा, २ वजा करावेत आणि १२७ ने भागून बाकी ठेवावी. असे घातांकापेक्षा दोनने कमी वेळा, म्हणजे ५ वेळा करावे. भागाकार टाळण्याची युक्ती अशी, की संख्येतून १२८ च्या गड्ड्या काढाव्यात आणि प्रत्येक गड्डीमागे १ उरलेल्यात मिळवावा. पहिल्या फेरीत १४ येतात. दुसरीत १९४, म्हणजे एक गड्डी आणि ६६, म्हणून ६७. पुढे ४४८७ मध्ये ३५ गड्ड्या आणि ७, म्हणून ४२. मग १७६२ वरून १११. आणि शेवटी १२,३१९ मध्ये ९६ गड्ड्या आणि ३१, बेरीज १२७, म्हणजेच बाकी शून्य. पाचव्या फेरीला शून्य आले, म्हणून १२७ मूळ. वर सांगितलेल्या राक्षसी संख्येसाठी हाच वर्ग १३,६२,७९,८३९ वेळा करावा लागतो; तेथे मात्र पाटी बाजूला ठेवून संगणकाकडे वळावे.