तीनशे फराळाचे बॉक्स, दहा दिवस: घाईच्या ऑर्डरचं पर्यावरणपूरक पॅकिंग

दिवाळी पंधरा दिवसांवर आली की मुंबईत बीकेसी नाहीतर लोअर परळच्या एखाद्या कंपनीतून फोन येतो. तीनशे बॉक्स, पुढच्या गुरुवारी ऑफिसात पोच, आणि जाता जाता एक वाक्य: "पॅकिंग इको-फ्रेंडली हवं हं." फराळ करणाऱ्या बचत गटाला किंवा घरगुती उद्योगाला भाजणीची आणि पाकाची काळजी नसते, ते हातातलं काम. घोडं अडतं खोक्यापाशी.

एवढ्या वेळात खोका बनवून घ्यायला जाऊ नका. तयार मापातला खोका उचला आणि माल त्यात बसवा. स्वतःच्या मापाचा छापील बॉक्स म्हणजे आधी नमुना, मग डाय (खोक्याच्या आकाराचा कापायचा साचा), छपाईची प्लेट, छपाई, सुकवणं, छापील कागद नालीदार पुठ्ठ्यावर चिकटवणं, पंचिंग म्हणजे डायने कापणं आणि शेवटी गोंद. यातलं प्रत्येक काम बहुतेकदा वेगळ्या गाळ्यात होतं. त्यात दिवाळी आणि छठसाठी कारागीर गावी निघायला लागलेले असतात. "परवा देतो" म्हणणारा खोटं बोलत नसतो. त्याचा पंचिंगवाला त्याला तेच सांगत असतो. शिवाय स्वतःचा डाय केला की कमीत कमी हजारभर नग घ्यायची गळ पडते. उरलेले सातशे खोके माळ्यावर धूळ खात पडणार असतील, तर त्यांचा कागद कितीही पुनर्वापराचा असो, उपयोग शून्य.

तयार ब्राउन बॉक्स क्रॉफर्ड मार्केटजवळच्या अब्दुल रहमान स्ट्रीटवर बंडलाने मिळतात. जास्त नग हवे असतील तर वसई पूर्वेच्या औद्योगिक वसाहतींतले आणि भिवंडीकडचे कारखानदार तयार मापं ठेवतात. फोनवर भाव विचारण्याआधी घरी माप काढा. चिवडा २५० ग्रॅम, चकली २०० ग्रॅम, शंकरपाळी २०० ग्रॅम, ४० ग्रॅमचे ४ लाडू, म्हणजे एकूण ८१० ग्रॅम माल. तो आतून २५×२०×८ सेंटिमीटरच्या झाकणाच्या, टक-इन (झाकणाची कड आत खोचायच्या) खोक्यात व्यवस्थित बसतो. दुकानदाराला माप सांगताना "आतलं माप" असं स्पष्ट म्हणा. काहीजण बाहेरचं माप सांगतात, आणि त्या एक सेंटिमीटरात चिवड्याची पिशवी दबून निम्मा चुरा होतो.

कुरिअरने काही बॉक्स घरोघरी जाणार असतील तर मापाला आणखी महत्त्व येतं. बहुतेक कुरिअरवाले सेंटिमीटरमधली लांबी × रुंदी × उंची भागिले ५००० असं आकारमानाचं वजन काढतात आणि खरं वजन व हे वजन यांतलं जे जास्त, त्याचे पैसे लावतात. वरचा खोका बाहेरून २६×२१×९ भरतो, म्हणजे ०.९८ किलो. खरं वजनही माल ८१०, खोका सुमारे १३५ आणि पिशव्या-कागद ३० ग्रॅम धरून ९७५ ग्रॅम. दोन्हीकडून एक किलोच्या आत. तोच माल "जरा भरघोस दिसावा" म्हणून ३२×२५×१० च्या खोक्यात घातलात तर १.६ किलोचे पैसे मोजावे लागतील, वर रिकामी जागा भरायला कागद लागेल तो निराळा. पॅकिंगमधली सगळ्यात मोठी बचत बहुधा इथेच होते, कागद बदलून नव्हे.

जाडी थ्री प्लाय, म्हणजे तीन थरांची, पुरे. बाहेरचा आणि आतला कागद १५० जीएसएम (चौरस मीटरला ग्रॅम), १८ बीएफ (दाबाखाली न फुटण्याची ताकद), आणि मधला नालीदार १२० जीएसएम. किलोभर मालाला याहून जाड घेणं म्हणजे कागद वाया. मात्र सांगितलेला जीएसएम मिळालाय का, हे तपासून घ्या. नमुन्याच्या खोक्यातून २० × २५ सेंटिमीटरचा सपाट तुकडा कापा, स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ठेवा आणि येणाऱ्या आकड्याला २० ने गुणा. मधला कागद नागमोडी असल्यामुळे साधारण ३५ टक्के जास्त लागतो, म्हणून हिशेब १५० + १६२ + १५०, वर थोडा गोंद. तुकडा २३ ग्रॅमच्या आसपास भरला तर ठीक. १९ भरला तर दुकानदाराशी बोला. २६ भरला तर खूश होण्याआधी तो हाताने चाचपा, कारण दमट पुठ्ठाही जड लागतो. कडकडीत पुठ्ठा वाकवला की करकरतो. ओलसर गप्प वाकतो.

दमटपणा हा मुंबईत पुठ्ठ्याचा खरा शत्रू. कागद हवेतलं पाणी ओढून घेतो आणि फार दमट हवेत खोक्याची वरचा भार पेलायची ताकद निम्म्यावर येऊ शकते. परतीचा पाऊस रेंगाळला तर ऑक्टोबरातही हीच गत. खोके आले की फरशीवर ठेवू नका. लाकडी फळ्या किंवा पाट खाली घ्या, भिंतीपासून वीतभर लांब ठेवा आणि शेवटच्या दोन दिवसांपर्यंत सपाटच राहू द्या.

आता आतलं पॅकिंग. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. ग्राहकाला "शून्य प्लास्टिक" ऐकायला छान वाटतं, म्हणून चकली ब्राउन कागदी पिशवीत जाते आणि चौथ्या दिवशी सादळते. कागद तेल थोडंफार अडवतो, हवेतलं बाष्प अडवत नाही. सादळलेली चकली कचऱ्यात जाते, आणि तिच्यासोबत भाजणी, तेल, गॅस, मेहनत सगळंच. पदार्थ वाया घालवणारं पॅकिंग पर्यावरणपूरक म्हणवून घेऊ शकत नाही.

म्हणून पदार्थांची वाटणी करा. लाडू आणि शंकरपाळी यांना ग्रीसप्रूफ किंवा ग्लासीन कागद चालतो; तुपाचा डाग बाहेर येऊ नये एवढंच बघायचं. कागद खरंच कागद आहे की प्लास्टिकचा थर दिलेला, हे ओळखायचं तर त्याचा तुकडा अर्धा तास पाण्यात भिजवून फाडा. निव्वळ कागद तंतूतंतूंनी फाटतो. थर असेल तर पातळ पारदर्शक पापुद्रा ताणला जाऊन हातात राहतो. असा थराचा कागद रद्दीत चालत नाही, कितीही हिरव्या पानाचं चित्र असलं तरी.

चकली आणि चिवडा यांना मात्र बाष्प अडवणारं काहीतरी लागतंच. चमकदार चंदेरी पाऊच सगळ्यात कुरकुरीत ठेवतो, पण तो वेगवेगळ्या थरांचा असल्याने भंगारवाला हात लावत नाही. कंपोस्टेबल पारदर्शक पाऊच दिसायला तसाच, पण बाष्पापुढे सहसा कमजोर. शिवाय बरीचशी कंपोस्टेबल प्लास्टिकं औद्योगिक खतप्रकल्पात, ५५-६० अंशांच्या उष्णतेत कुजण्यासाठी बनवलेली असतात. सोसायटीच्या खताच्या ड्रममध्ये ती तशीच पडून राहतील आणि साध्या कचऱ्यातून गेली तर कांजूरमार्गच्या कचराडेपोत पोचतील. त्यापेक्षा एकाच प्रकारच्या प्लास्टिकचा, म्हणजे निव्वळ पॉलिप्रोपिलीनचा, खाद्यपदार्थांसाठीचा जाडसर पाऊच बरा. तो स्वच्छ असेल तर पुन्हा वितळवता येतो. ग्राहकाला हे आधीच सांगा: चकली आणि चिवडा यांचे पाऊच प्लास्टिकचे आहेत, बाकी सगळं कागद. "शून्य प्लास्टिक" असं कार्डावर छापून आत पाऊच निघाला की मग बोलायला तोंड राहत नाही.

बजेट असेल तर याहून चांगला मार्ग स्टीलचा डबा. भुलेश्वर-पायधुणीच्या भांडी बाजारात घट्ट झाकणाचे डबे तयार मिळतात, वाट बघावी लागत नाही, आणि फराळ संपल्यावर तो डबा रवा-साखरेला घरात राहतो. झाकण खरंच घट्ट आहे का ते पाणी भरून उलटा करून बघा. पूर्ण बॉक्सच्या जागी एक मोठा डबा आणि वर कापडी थैली, असंही करता येतं.

कुठलाही पर्याय घ्या, पहिल्याच दिवशी चकल्यांची चाचणी लावा. प्रत्येक प्रकारच्या पाऊचमध्ये दोन-दोन चकल्या बंद करून खिडकीपाशी ठेवा, तिसऱ्या आणि पाचव्या दिवशी मोडून बघा. दहा दिवसांत ही चाचणी आरामात होते. ती टाळायला सबब नाही.

खोक्यात भरायला क्राफ्ट कागदाच्या पट्ट्या घ्या, खोक्यामागे १५-२० ग्रॅम, तीनशेला सहा किलो पुरतात. मक्याच्या स्टार्चचे दाणे खाऊच्या शेजारी नकोत, दमट हवेत चिकट होतात आणि झुरळांना मेजवानी. भाताचा पेंढा फोटोत सुंदर दिसतो, किडेही घेऊन येतो. आणि वर्तमानपत्राचा कागद पदार्थाला लागता कामा नये. शाई पोटात जाते, अन्न सुरक्षा नियमांतही त्याला मनाई आहे.

नियमांचं म्हणाल तर तीन गोष्टी ध्यानात ठेवा. मिठाईच्या बॉक्सभोवती गुंडाळायची प्लास्टिक फिल्म १ जुलै २०२२ पासून देशभर बंद आहे, तेव्हा "वरून पारदर्शक रॅप करून द्या" म्हणणाऱ्या ग्राहकाला नाही म्हणा. प्लास्टिकची कॅरी बॅग महाराष्ट्रात कितीही जाड असली तरी चालत नाही. तिसरी गोष्ट फसवी: बाजारात "कापडी" म्हणून विकली जाणारी नॉन-वोव्हन पिशवी कापड नसते, पॉलिप्रोपिलीनच असते, आणि ६० जीएसएमपेक्षा हलकी असेल तर तीही बंदीत येते. कोपऱ्यातला एक धागा काडीने पेटवा. सुती धागा कागदासारखा जळून राख होतो. नॉन-वोव्हन आक्रसते, वितळते आणि थंड झाल्यावर कडक मणी उरतो. महाराष्ट्रात पहिल्या गुन्ह्याला ५,००० रुपये दंड आहे, दुसऱ्याला १०,०००. एवढ्या ऑर्डरमधला नफा तिथेच जाईल. कंपोस्टेबल म्हणून काही घेतलंच, तर त्यावर आयएस १७०८८ हे मानक आणि विक्रेत्याकडे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रमाणपत्र आहे का, ते बघा. नुसतं "बायोडिग्रेडेबल" लिहिलेलं असेल तर सोडून द्या.

कंपनीचं नाव छापायचंच असतं. ते खोक्यावर छापू नका, स्लीव्हवर छापा. साध्या क्राफ्ट कागदाचा, आठ-दहा सेंटिमीटर रुंदीचा पट्टा, एका रंगात, खोक्याभोवती फिरवून मागे चिकटवायचा. डिजिटल छपाईवाला दोन दिवसांत देतो, स्पेलिंग चुकलं तर फक्त पट्टे बदलावे लागतात, खोके नाहीत. लॅमिनेशन नको, ते प्लास्टिकच. चकाकी हवीच असेल तर पाण्याच्या बेसचं वॉर्निश सांगा. लेबलाचा स्टिकरही कागदी घ्या, त्यावर एफएसएसएआय क्रमांक, घटक, वजन आणि तारीख येणारच आहे. खोका टक-इन असल्यामुळे चिकटपट्टी लागत नाही.

वेळेचा हिशेब मागून मोजा. गुरुवारी पोच, बुधवार मोकळा ठेवायचा, मंगळवारी भरणं. आदल्या आठवड्यात सोमवारी फोन आला तर त्याच दिवशी माप आणि चकली-चाचणी, मंगळवारी प्रत्यक्ष जाऊन खोके, बुधवारी स्लीव्हचा मजकूर ग्राहकाकडून लेखी मंजूर, शनिवारपर्यंत पट्टे हातात. मजकुराची मंजुरी ही नेहमीची अडवणूक. मार्केटिंगवाले, एचआरवाले, मग साहेब असं फिरत राहतं. "बुधवारी सहापर्यंत नाही आलं तर नाव नसलेला साधा पट्टा लागेल" असं ऑर्डर घेतानाच लिहून पाठवा. खोके ३०० नाही, ३२० घ्या. एक खोका उभा करायला मिनिट, भरायला तीन मिनिटं धरली तर वीस मनुष्यतास होतात. चौघीजणींचं पाच तासांचं काम.

सगळे भरण्याआधी एक खोका पूर्ण भरून कंबरेच्या उंचीवरून कोपऱ्यावर पाडा, मग कडेवर, मग सपाट. उघडून लाडू बघा. दुसरे पाच एकावर एक रचून रात्रभर ठेवा. सकाळी सगळ्यात खालचा फुगला असेल तर एका थप्पीत चारच ठेवायचे.

मोठ्या कार्टनसाठी नवे खोके विकत घेऊ नका. धारावीत आणि बहुतेक मोठ्या रद्दीवाल्यांकडे वापरलेले फाइव्ह प्लाय कार्टन मिळतात, आणि पदार्थाला ते लागत नाहीत. बिस्किटांचे किंवा कपड्यांचे निवडा. साबण, फिनेल, अगरबत्ती यांचे नकोत, वास फराळात उतरतो. घडीच्या फटीत झुरळांची अंडी आहेत का ते उजेडात बघा. एका कार्टनमध्ये दहा बॉक्स, म्हणजे पावणेदहा किलो, एका माणसाला उचलायला सोपं. एकूण तीस कार्टन.

पोचवायच्या आदल्या दिवशी ऑफिसच्या ॲडमिनला तीन प्रश्न विचारा: मालाचा गेट पास कुणाच्या नावावर, सर्व्हिस लिफ्ट किती ते किती, आणि टेम्पो तळघरात शिरेल एवढी उंची आहे का. रिकामे कार्टन त्याच टेम्पोतून परत आणा, भाऊबीजेच्या ऑर्डरला तेच चालतील.