बॉल क्ले वापरताना या चुका टाळा

कुंभाराच्या चाकावर भांड्याची कड फाटली की बहुतेकांचा हात आधी बॉल क्ले या चिकट, बारीक मातीच्या पोत्याकडे जातो. उपाय लागूही पडतो. हिचे कण अतिशय बारीक, त्यामुळे माती लवचिक होते आणि सुकलेलं कच्चं भांडं उचलताना तुटत नाही. पण बारीक कणांना पाणी जास्त लागतं आणि ते उडालं की माती तितकीच जास्त आक्रसते. हँडलच्या जोडावर तडा गेलाय, ताटाची कड वर उचललीय, आणि तुम्ही आणखी बॉल क्ले घालताय? मग आगीत तेलच ओतताय. तिचं प्रमाण उतरवा, त्या जागी केओलिन (पांढरी, कमी लवचिक चिनी माती) किंवा ग्रॉग (भाजलेल्या मातीचा चुरा) घाला, भांडं प्लास्टिकखाली सावकाश सुकू द्या.

माती करडी-काळपट दिसते म्हणून नाकारू नका. तो रंग बहुधा सेंद्रिय कार्बनचा असतो, भट्टीत जळून जातो आणि माती फिकट, हस्तिदंती होते. मात्र तो पूर्ण जळायला हवा आणि त्याला वेळ लागतो. 700 ते 900 अंश सेल्सिअसच्या टप्प्यात घाई केलीत तर कार्बन आतच अडकतो: गाभा काळा, अंगावर फुगे, ग्लेझला (भांड्यावरच्या काचेसारख्या थराला) टाचणीएवढी भोकं. शंका आली तर एखादं भाजलेलं भांडं फोडून बघा. जिवावर येतं, पण निदान पक्कं होतं.

अर्धपारदर्शक पोर्सिलेन हवं असेल तर हात आखडता घ्या. बॉल क्लेतलं लोह आणि टायटॅनियम शुभ्रपणा खातं. ग्लेझमध्ये थोडी असली की गाळ खाली बसत नाही, फार झाली तर थर सुकताना चिरतो आणि भट्टीत ग्लेझ गोळा होतं.

सर्वांत महागात पडते ती ‘बॉल क्ले ती बॉल क्ले’ ही समजूत. खाणीनुसार तिच्यातलं केओलिनाइट (मातीचं मुख्य खनिज) 20 ते 80 टक्के, क्वार्ट्झ (वाळूतलं खनिज) 6 ते 65 टक्के इतकं बदलतं. साच्यात ओतायची स्लिप (मातीचं पातळ मिश्रण) नव्या पोत्यानंतर अचानक घट्ट झाली, तर मातीतल्या विरघळणाऱ्या सल्फेट क्षारांचा संशय घ्या. ती पातळ करायला नुसतं सोडियम सिलिकेट वाढवत बसू नका. नवी माती आली की तिची ओली पट्टी थापून तिच्यावर 10 सेंटिमीटरची खूण करा. भाजल्यावर ती 8.8 भरली तर आकुंचन 12 टक्के. जुन्या मातीचा आकडा शेजारी लिहून ठेवा.

आणि पावडरवर पाणी ओतू नका, पाण्यात पावडर सोडा. तिच्या धुळीतलं क्वार्ट्झ फुफ्फुसात साठतं. मास्क घाला, फरशी ओल्या फडक्याने पुसा, झाडू नका.