लॉकडाऊनची तयारी: किराण्यापासून औषधाच्या डब्यापर्यंत

पुन्हा कधी लॉकडाऊन लागू नये हे आहेच, पण लागायची चिन्हं दिसलीच तर सगळ्यात आधी नेहमीची महिन्याची किराण्याची यादी बाजूला ठेवा, ती काही कामाची नाही. घरातली अर्धी माणसं दिवसभर बाहेर असतात अशा घराची ती यादी असते. दुपारचं जेवण ऑफिसात, मुलांचं शाळेत, कंटाळा आला की बाहेरून मागवायचं, हात धुणं नि टॉयलेटला जाणंसुद्धा निम्मं बाहेरच. लॉकडाऊनमध्ये हे सगळं घरात येऊन पडतं. माणसं तेवढीच, पण तेल, दूध, चहा, साखर, साबण, भांडी घासायचं लिक्विड, कचऱ्याच्या पिशव्या सगळंच जास्त लागतं, आणि किती जास्त ते डोक्यातल्या अंदाजाने कळत नाही. म्हणून सगळे घरी असतील असा एखादा शनिवार-रविवार धरा आणि काय काय संपलं ते नुसतं लिहून काढा, किती वाट्या तांदूळ, किती दूध, किती अंडी, किती वेळा चहा झाला. त्याला सातने गुणलं की १४ दिवसांचा खरा आकडा समोर येतो, आणि तो बघून बऱ्याच जणांना धक्का बसेल हे आत्ताच सांगते.

१४ दिवसच का, तर २०२० मध्ये कोविडच्या रुग्णाच्या संपर्कात आलेल्यांचं क्वारंटाइन साधारण तेवढं धरलं जायचं. घरात एकजण पॉझिटिव्ह निघाला की सगळं घर आत. तेवढ्या दिवसात कोणाला बाहेर न पाठवता चालेल एवढं सामान हवं, बास. त्यापुढे सहा महिन्यांचा साठा करायचा म्हणजे दुसऱ्याच्या घरचं उचलून आपल्या कपाटात किडे पाडायचे. आणि हे १४ दिवसांचं सुद्धा एका दिवसात भरू नका, दर खेपेला नेहमीच्या सामानासोबत दोन-चार टिकाऊ वस्तू जास्तीच्या घ्यायच्या, आपोआप भरतं.

दुकानातली फडताळं रिकामी दिसली की आपण समजतो माल संपला, ते नेहमी खरं नसतं. २०२० च्या मार्च-एप्रिलमध्ये ब्रिटनमध्ये दुकानातून पीठ गायब झालं होतं, तेव्हा गिरण्या रात्रंदिवस चालू होत्या. पण तिथलं बहुतेक पीठ बेकऱ्यांना आणि कारखान्यांना मोठ्या पोत्यांतून नाहीतर थेट टँकरने जातं, दुकानात लहान पिशवीतून विकलं जाणारं जेमतेम ४ टक्के, आणि लहान पिशव्या भरायची मशिनं मोजकीच. लोक एकदम घरीच पाव-केक भाजायला लागल्यावर अडलं ते पॅकिंगपाशी. तर मुद्दा असा की छोटं पाकीट नसेल पण हॉटेलवाल्यांचं मोठं पोतं मिळत असेल तर दोन-तीन घरं मिळून घ्या आणि वाटून घ्या, घाबरून जे दिसेल ते उचलू नका.

आता यादी लिहिताना वस्तूंपासून सुरू करू नका, जेवणांपासून करा. पहिल्या दिवशी सकाळी काय, दुपारी काय, रात्री काय असं सात दिवसांचं कच्चं लिहा आणि तेच पुढच्या आठवड्यात थोडं फिरवा. मग त्यातून वस्तू काढा. असं केलं की कळतं की मैदा तीन किलो कशाला घेतोय हे आपल्यालाच माहीत नाही आणि मीठ मात्र लिहायचंच राहिलंय. घरात कोणी खातच नाही ते "टिकतं म्हणून" घेऊ नका, एरवी न खाल्लेलं कडधान्य लॉकडाऊन लागला म्हणून काही आवडायला लागत नाही. प्रत्येक वस्तूपुढे "नसेल तर काय" तेही लिहा, कारण दुकानात उभं राहून घरी फोन लावून विचारत बसलं की आत जास्त वेळ जातो आणि नेमकं तेच टाळायचंय. यादी दुकानातल्या रांगांच्या क्रमाने लिहिली तर अजून बरं, सगळं धान्य एकत्र, सगळं साफसफाईचं एकत्र.

घरी आणल्यावर सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे काय आधी खायचं. पालेभाज्या आणि मऊ फळं पहिल्या तीन-चार दिवसात संपवा, मग काकडी टोमॅटो फुलकोबी, त्यानंतर गाजर, बीट, पानकोबी, आणि लाल भोपळा (अख्खा, कापलेला नाही), बटाटे, कांदे, लसूण शेवटाला. आपण नेमकं उलटं करतो, बटाटे सोपे म्हणून आधी उडवतो आणि पालेभाजी तळाशी सडते. बटाटे अंधारात ठेवा, उजेडात हिरवे पडतात आणि त्या हिरव्या भागात सोलॅनिन नावाचं विषारी द्रव्य वाढतं, असे बटाटे आणि मोठे कोंब आलेले टाकूनच द्या. कांदे बटाट्यांच्या टोपलीत नकोत, दोघंही लवकर खराब होतात. सफरचंद आणि पिकलेली केळी इथिलीन वायू सोडतात, त्यांच्याशेजारी ठेवलेल्या भाज्या लवकर पिवळ्या पडतात, म्हणून त्यांची जागा वेगळी.

धान्याचंही तसंच. पांढरा तांदूळ कोरडा आणि बंद डब्यात असेल तर वर्षानुवर्षं टिकतो, पण ब्राऊन राईसला कोंड्यातल्या तेलामुळे काही महिन्यात खवट वास येतो. कोंड्यासकट दळलेलं पीठही मैद्यापेक्षा लवकर खवटतं, ते थोडंच आणा नाहीतर फ्रीजरमध्ये ठेवा. कडधान्यं टिकतात खरी पण फार जुनी झाली की तासभर शिजवली तरी टणकच राहतात आणि गॅस फुकट जातो, तेव्हा जुना डबा आधी काढा, नवीन मागे.

फ्रीज ४ अंश किंवा त्याखाली, फ्रीजर उणे १८, एकदा थर्मामीटर ठेवून बघाच, बऱ्याच फ्रीजचं बटण एक सांगतं आणि आत दुसरंच असतं. दरवाजाचं रबर सैल असेल तर आत्ताच बदला. लाईट गेली तर दार न उघडता फ्रीज साधारण चार तास धरतो, गच्च भरलेला फ्रीजर ४८ तास, अर्धा भरलेला २४, त्यामुळे रिकाम्या जागेत पाण्याच्या बाटल्या गोठवून ठेवायच्या. शिजवलेला भात ओट्यावर रात्रभर ठेवायचा नाही, त्यातल्या बॅसिलस सिरिअस जंतूंचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत आणि कोमट भातात जोमाने वाढतात, त्यांचं विष परत गरम करूनही जात नाही. पसरट भांड्यात काढून दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये. एरवी दुर्लक्ष केलं तर एक दिवस पोट बिघडतं, पण हॉस्पिटलं भरलेली असताना जुलाब-उलट्यांसाठी तिकडे जायची वेळ येऊ नये.

खरेदीला एकानेच जायचं, शक्यतो घरातला धडधाकट माणूस, आजारी किंवा म्हातारं कोणी नाही, आणि दर वेळी तोच. गर्दी नसेल ती वेळ शोधा, नाकावर घट्ट बसणारा मास्क, आत कमीत कमी वेळ. रांग बाहेर मोकळ्यावर असेल तर कंटाळा आला तरी ती परवडली, बंद दुकानात हवा कोंडलेली असते. ऑनलाईन मागवणार असाल तर पर्यायी वस्तू चालेल का हे प्रत्येक वस्तूपुढे ठरवून टाका, नाहीतर दुधाच्या जागी भलतंच काहीतरी येतं आणि भांडायला कोणी नसतं.

सामान घरी आल्यावरचा तो धुण्याचा सोहळा आठवतोय ना, बिस्किटांचे पुडे साबणाने धुवून वाळत घातलेले. सुरुवातीला प्रयोगशाळेतल्या अभ्यासात विषाणू प्लास्टिक आणि स्टीलवर ७२ तासांपर्यंत, पुठ्ठ्यावर २४ तासांपर्यंत सापडला होता म्हणून सगळे घाबरले, साहजिक होतं. नंतर अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने एप्रिल २०२१ मध्ये सांगितलं की वस्तूला हात लावून कोविड होण्याची शक्यता साधारणपणे १०,००० मध्ये १ पेक्षाही कमी, मुख्य पसरतो तो हवेतून. म्हणजे कोविडसारखा आजार असेल तर सामान जागेवर लावा, हात साबणाने २० सेकंद धुवा, विषय संपला. पण पुढची साथ दुसऱ्या कुठल्या जंतूची असली तर हे गणित बदलेल, उदाहरणार्थ जुलाब-उलट्या करणारा नोरोव्हायरस वस्तूंवरूनही पसरतो आणि त्याच्यावर अल्कोहोलवालं सॅनिटायझर फारसं चालत नाही. म्हणून यादीत सॅनिटायझरपेक्षा साबण जास्त लिहा. सॅनिटायझर घेतलंच तर किमान ६० टक्के अल्कोहोलचं, आणि हात पूर्ण सुकल्याशिवाय शेगडीजवळ जायचं नाही. भाज्या-फळं वाहत्या साध्या पाण्याने धुवायची, त्यांना साबण, ब्लीच, सॅनिटायझर काहीही लावू नका, ते पोटात जातं.

ब्लीचचा विषय निघालाच आहे तर, ते टॉयलेट साफ करायच्या ॲसिडमध्ये किंवा व्हिनेगरमध्ये मिसळलं की क्लोरीन वायू तयार होतो आणि अमोनिया असलेल्या क्लिनरमध्ये मिसळलं की क्लोरामाइन. दोन्ही फुफ्फुसाला घातक. पाण्यात कालवलेलं ब्लीच रोज ताजं करा, ठेवून ठेवून त्याचा जोर जातो. बाटलीवर नाव लिहा, कोल्ड्रिंकच्या जुन्या बाटलीत तर अजिबात भरू नका.

औषधांचा डबा वेगळा बसून तपासा. रोजच्या गोळ्या बीपी, शुगर, थायरॉइड, दमा ज्याच्या त्याच्या महिनाभराच्या, प्रिस्क्रिप्शनचे फोटो दोन फोनमध्ये. थर्मामीटर आणि ऑक्सिमीटर, दोन्हीचे सेल जादा. ऑक्सिमीटर लावताना नेलपॉलिश नको, बोटं गार नकोत, आणि सावळ्या-काळ्या त्वचेवर तो कधीकधी खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवतो, तेव्हा आकडा चांगला आहे पण माणसाला धाप लागलीये तर माणसाकडे बघा, डॉक्टरला फोन करा. पॅरासिटामॉल ठेवा, मात्र मोठ्या माणसाला दिवसाला ४ ग्रॅमच्या वर नाही, लिव्हरचा त्रास असेल तर त्याहून कमी आणि डॉक्टरला विचारूनच, आणि सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांमध्येही तेच असतं, ते धरून मोजा. ओआरएसची पाकिटं मिळाली नाहीत तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा चहाचा, अंदाजपंचे नको.

दात दुखत असेल तर आत्ताच दाखवून घ्या. चष्म्याचा नंबर, जुना चष्मा, ऐकायच्या मशीनचे सेल, सॅनिटरी पॅड, डायपर, निरोध, कुत्र्या-मांजराचं खाणं, हे सगळं किराण्याच्या यादीत कोणी लिहीत नाही आणि नेमकं हेच रात्री अकरा वाजता संपतं.

घरातल्या मोडतोडीचंही बघा, दुरुस्तीवाला येणार नाही असं धरून. नळाचे वायसर, सिंक तुंबलं तर उपसायचा रबरी पंप, एक-दोन बल्ब, एक्स्टेंशन बोर्ड, फोनचा जादा चार्जर, केस कापायचं मशीन. सिलिंडरवर स्वयंपाक असेल तर दुसरा भरलेला आहे का. एक खोली किंवा निदान खिडकीजवळचा एक कोपरा आजारी माणसासाठी ठरवून ठेवा, तिथे कोण जेवण देणार हेही ठरवा. घरात किती जणांना एकाच वेळी मीटिंग नि ऑनलाईन शाळा आहे त्यावरून नेटचं बघा. पाण्याचे पिंपच्या पिंप भरून ठेवायची गरज नाही बरं का, लॉकडाऊन म्हणजे भूकंप नाही, नळाला येणारं पाणी येतच राहतं, नेहमी येत असेल तर.

आणि कामांची यादी, ही बाकी कुठल्याही यादीइतकीच लागते. सगळे घरी म्हणजे ओटा दिवसभर चालू, भांड्यांचा ढीग उतरतच नाही, आणि हे सगळं बोलता बोलता एकाच बाईच्या अंगावर पडतं. भांडी कोण, झाडू कोण, स्वयंपाक कोणत्या दिवशी कोणाचा हे कागदावर लिहून फ्रीजवर लावा, तोंडी ठरवलेलं तिसऱ्या दिवशी कोणाला आठवत नाही. चार वाजल्यानंतर सात वाजेपर्यंत ओटा बंद, ज्याला भूक लागेल त्याने फळ खावं असा काहीतरी नियम करा. ज्याने डबा संपवला त्यानेच तो यादीत लिहायचा, हा एक नियम पाळला तरी अर्धी भांडणं मिटतात.

थोडे रोख पैसे सुट्ट्यांसकट घरात ठेवा, कधी सर्व्हर बंद कधी नेट बंद. बँकेचं, विजेच्या बिलाचं, इन्शुरन्सचं काय कुठे आहे हे घरातल्या किमान दोघांना माहीत हवं, कारण नेहमी बिलं भरणारा माणूसच हॉस्पिटलात असू शकतो.

शेजारी कोणी एकटं राहत असेल, वयस्कर असेल, तर त्यांचा नंबर आधीच घेऊन ठेवा आणि तुमच्या खेपेत त्यांचंही सामान आणा. त्यांची यादी फोनवर ऐकून न घेता लिहून किंवा फोटो काढून मागवा, कोणत्या कंपनीचं आणि केवढं पाकीट यावरून फार घोळ होतात. पिशवी दाराशी ठेवून बेल वाजवायची, बिलाचा फोटो पाठवायचा, हिशोब त्याच दिवशी मिटवायचा. त्यांनी दोन दिवस फोन उचलला नाही तर कोणाला कळवायचं, मुलगा-मुलगी-भाची जे कोणी असेल त्यांचा नंबरही त्याच कागदावर लिहून घ्या.