सैन्य किती तेल जाळतं, हे कसं मोजायचं

एसटीच्या आगारात माझ्याकडे डिझेलचा हिशेब असतो. आलं किती, भरलं किती, शिल्लक किती. सैन्याचं तेलही याच रीतीने मोजावं. उदाहरण अमेरिकेचं घेऊ, कारण त्यांचे आकडे जाहीर होतात.

रणगाडे आणि विमानं मोजत बसू नका, आधी खरेदीचं खातं गाठा. तिथे सैन्यासाठी इंधन घेण्याचं काम डिफेन्स लॉजिस्टिक्स एजन्सीकडे आहे. त्यांचं आर्थिक वर्ष 1 ऑक्टोबरला सुरू होतं, तेही लक्षात असू द्या.

खरेदी आणि खप एकत्र करू नका. 2017 सालचे दोन आकडे सापडतात: रोजची खरेदी सुमारे 2 लाख 69 हजार बॅरल, आणि वर्षभराचा खप सुमारे साडेआठ कोटी बॅरल, म्हणजे रोज 2 लाख 33 हजार. घेतलेलं सगळं त्याच वर्षी जळत नाही, शिवाय काही इंधन इतर सरकारी खात्यांनाही जातं. मी खप धरतो. बॅरलचे 159 लिटर धरले, की वर्षाचे साधारण 1,350 कोटी लिटर होतात.

मग वाटणी बघा, खरी गोष्ट इथे कळते. एब्रॅम्स रणगाड्याची टाकी जवळपास 1,900 लिटरची आणि एका भरण्यात तो सव्वाचारशे किलोमीटर जातो. आमची गाडी लिटरला चार-पाच किलोमीटर देते, हा किलोमीटरला साडेचार लिटर घेतो! त्यातही त्याचं टर्बाइन इंजिन जागेवर उभं असतानाही भरपूर पितं, म्हणून नुसत्या केएमपीएलवर, म्हणजे लिटरमागच्या किलोमीटरवर, हिशेब बसत नाही, चालू तास धरावे लागतात. तरी सर्वांत मोठा वाटा विमानांचा. एका बी-52 बॉम्बफेकी विमानात सुमारे 1 लाख 80 हजार लिटर मावतं, म्हणजे पंचाण्णव रणगाड्यांच्या टाक्या. विमानवाहू नौका अणुऊर्जेवर चालते म्हणून तिच्यापुढे शून्य लिहू नका, तिच्यावरच्या विमानांना तेलच लागतं.

देशाच्या एकूण खपाशी ताडून पाहिलं तर सैन्याचा वाटा सव्वा टक्क्याच्याही आत येतो, कारण अमेरिका रोज सुमारे दोन कोटी बॅरल वापरते. पण तेवढ्यावर थांबू नका. लिटरमागे अडीच किलो कार्बन डायऑक्साइड धरला तर वर्षाला सव्वातीन कोटी टनांहून जास्त भरतो. हा आकडा हवामानाच्या सरकारी अहवालांत शोधायला गेलात तर पूर्ण सापडेलच असं नाही. पॅरिस करारात सैन्याचं उत्सर्जन वेगळं कळवण्याची सक्तीच नाही, आणि मला ते साफ चुकीचं वाटतं. म्हणून तो इंधनाच्या खात्यातूनच काढा.