ट्रेडमिलचा पट्टा एका बाजूला सरकत होता, तो असा ठीक केला

घरच्या ट्रेडमिलचा पट्टा हळूहळू डावीकडे सरकू लागला आणि कडेला घासल्याचा आवाज यायला लागला. अशा वेळी मशीन लगेच थांबवावं. कड उसवली की पट्टाच बदलावा लागतो.

आधी मशीन सपाट टेकलंय का ते पाहिलं. एक पाय अधांतरी होता, तो फिरवून टेकवला. तरी सरकणं थांबेना. मग मागच्या रोलरचे, म्हणजे पट्टा ज्यावरून फिरतो त्या मागच्या दांड्याचे बोल्ट. पट्टा ज्या बाजूला जातो, त्या बाजूचा बोल्ट अ‍ॅलन कीने (षटकोनी टोकाची चावी) घड्याळाच्या दिशेने फक्त पाव फेरा आवळायचा. मशीन रिकामंच मंद वेगाने थोडा वेळ चालवून बघायचं, मगच पुढचा पाव फेरा. इथे घाई अजिबात नको, कारण जास्त ताणलेला पट्टा रोलरच्या बेअरिंगवर आणि मोटरवर भार टाकतो.

पट्टा मध्यावर आल्यावर प्लग काढून पट्टा मधोमध उचलून पाहिला. साधारण ५ ते ७ सेंटिमीटर उचलला गेला, म्हणजे ताण योग्य. खालची फळी मात्र कोरडी लागली. तिथे सिलिकॉन तेलच घालावं; पेट्रोलियमची तेलं पट्टा खराब करतात. आता घासण्याचा आवाज पूर्ण बंद आहे.