एमए मानसशास्त्र: क्वांट आणि क्वाल जोडीनं कसं शिकायचं

पुण्यात एमएच्या मुलामुलींना लघुशोधप्रबंधासाठी मी मदत करते. पहिल्या सत्रात ती भेटतात तेव्हा बहुतेकांनी बाजू निवडून टाकलेली असते: क्वांट (आकड्यांची, संख्यात्मक पद्धत) किंवा क्वाल (मुलाखतींची, गुणात्मक पद्धत). गणिताची धास्ती असलेल्यांना क्वाल हवं असतं. मुलाखती घ्यायचा संकोच वाटणारे म्हणतात, फॉर्म वाटून मोकळं होऊ. भीतीपोटी पद्धत निवडू नका. पद्धत प्रश्न ठरवतो, आणि प्रश्न नीट विचारायचा तर दोन्ही हत्यारं हातात हवीत. म्हणून माझा आग्रह असा की एकच छोटा, ओळखीचा विषय घ्या आणि वर्षभर त्याच्यावरच दोन्ही पद्धती शिका.

विषय शोधायला लांब जावं लागत नाही. सदाशिव पेठ, नवी पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये गावाकडून आलेली मुलं स्पर्धा परीक्षांची तयारी करत बसलेली असतात. ‘ज्यांना मित्रांचा, घरच्यांचा आधार जास्त वाटतो त्यांचा ताण कमी असतो का?’ हा क्वांटचा प्रश्न. ‘निकालाची वाट पाहण्याचे महिने ही मुलं कशी काढतात, त्याचा काय अर्थ लावतात?’ हा क्वालचा. हे दोन प्रश्न वहीत शेजारीशेजारी लिहा. पहिल्यात किती आणि कशाशी संबंध हे विचारलंय, दुसऱ्यात कसं. आपला प्रश्न यातल्या कुठल्या जातीचा आहे हे ओळखता आलं की निम्मी अडचण सुटते.

आधी आकडे. सॉफ्टवेअर उघडायच्या आधी हातानं गणित करा, मी सगळ्यांना करायला लावते. पाच जणांचे ताणाचे गुण घ्या: १२, १५, १८, २१, २४. सरासरी १८. प्रत्येकाचं सरासरीपासूनचं अंतर काढा, वर्ग करा, बेरीज येते ९०. चारनं (माणसांच्या संख्येतून एक वजा करून) भागलं की २२.५, वर्गमूळ साधारण ४.७४. हेच प्रमाण विचलन. ‘माणसं सरासरीपासून सहसा किती दूर आहेत’ हे एकदा स्वतःच्या पेन्सिलीनं काढलं की पुढे टी-टेस्ट (दोन गटांच्या सरासरींची तुलना) आणि सहसंबंध (दोन गोष्टी किती जोडीनं बदलतात त्याचं माप) परके वाटत नाहीत, कारण त्यांच्या पोटात हेच आहे.

मग खरी चाचणी हाताळा. ताणासाठी कोहेन आणि सहकाऱ्यांची १९८३ सालची पर्सीव्ड स्ट्रेस स्केल खूप वापरली जाते. तिच्या दहा प्रश्नांच्या आवृत्तीत प्रत्येक प्रश्नाला ० ते ४ गुण असतात आणि ४, ५, ७, ८ हे प्रश्न उलटे मोजायचे (० चे ४, १ चे ३ असे) असतात. वर्गातल्या मित्रमैत्रिणींकडून भरून घ्या आणि आकडे स्वतः शीटमध्ये टाका. उलटे प्रश्न न फिरवता एकदा क्रॉनबॅक अल्फा (चाचणीचे प्रश्न एकमेकांशी किती सुसंगत आहेत त्याचं माप) काढा, फिरवून पुन्हा काढा. न फिरवता अल्फा कसा घसरतो ते डोळ्यांनी दिसलं की कायमचं लक्षात राहतं. मराठीत चाचणी वापरायची असेल तर आधी कुणी रूपांतर केलंय का ते शोधा. नसेल तर मूळ लेखकांची परवानगी पाहा, एकानं मराठीत करावं, मूळ न पाहिलेल्या दुसऱ्यानं परत इंग्रजीत आणावं, मग दोन्ही ताडून पाहावं. गाइडनं एका संध्याकाळी केलेला अनुवाद पुरत नाही.

सॉफ्टवेअर म्हणून जॅमोवी किंवा जास्प घ्या. दोन्ही फुकट आहेत आणि एमएच्या गरजेला पुरतात. एसपीएसएसची चोरटी प्रत शोधत फिरायचं कारण नाही. पण पहिली आज्ञा नेहमी आलेखाची द्या. अँस्कोम्ब यांनी १९७३ मध्ये आकड्यांचे चार संच दाखवले. चौघांची सरासरी तीच, सहसंबंध तोच, सुमारे ०.८२, चित्रं मात्र पूर्ण वेगळी. एकात सरळ रेष, एकात वक्र, बाकी दोघांत एकेका चुकार बिंदूनं केलेला घोळ.

नमुना किती? ‘साठ पुरे’ हे पुण्यात मी इतक्यांदा ऐकलंय की ते कुठून आलं हेही कुणी विचारत नाही. सहसंबंध ०.३ च्या आसपास असेल, पातळी (संबंध नसताना तो आहे असं चुकून म्हणण्याची मुभा) ०.०५ आणि पॉवर (संबंध असेल तर तो सापडण्याची शक्यता) ८० टक्के हवी असेल, तर साधारण ८५ माणसं लागतात. साठांत तीच पॉवर सुमारे ६५ टक्के उरते; म्हणजे संबंध खरोखर असूनही तीनातल्या एका वेळी तुमच्या हाताला लागणार नाही. जी-पॉवर हे फुकटचं साधन वापरून हा हिशोब डेटा गोळा करायच्या आधी करा, आणि गृहीतकंही (काय सापडेल याचे अंदाज) आधी लिहून तारीख घाला. २०१५ मध्ये मानसशास्त्रातल्या शंभर प्रयोगांची पुनरावृत्ती प्रसिद्ध झाली. मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्क्यांत निष्कर्ष सार्थ (नुसत्या योगायोगानं सहसा न येणारे) होते, पुनरावृत्तीत ३६ टक्क्यांतच आले. आपल्या विषयावर मनापासून प्रेम असेल तर ही गोष्ट टोचली पाहिजे.

पी-व्हॅल्यूबद्दल एवढंच: ०.०४ म्हणजे ‘माझं गृहीतक ९६ टक्के खरं’ असं नाही. संबंध मुळीच नसता तरी एवढा किंवा याहून टोकाचा निकाल दिसण्याची शक्यता ४ टक्के, एवढाच त्याचा अर्थ. शेजारी परिणामाचा आकार (संबंध किंवा फरक किती मोठा आहे) लिहा.

आता मुलाखती. इथे मी जास्त रेंगाळते, कारण ‘क्वाल सोपं’ हा गैरसमज फार नुकसान करतो. चहाच्या टपरीवर मुलाखत घेऊ नका. टिळक रस्त्याच्या गाड्या आणि शेजारच्या टेबलावरचे कान दोन्ही रेकॉर्डिंगमध्ये येतात. कॉलेजची रिकामी वर्गखोली मागून घ्या. ‘तुला ताण का येतो?’ असं विचारलं की माणूस सिद्धान्त सांगतो. ‘मागचा निकाल लागला त्या दिवशी सकाळपासून काय काय झालं?’ असं विचारा आणि गप्प बसा. शांतता भरून काढायची घाई आवरणं हेच मुलाखतीतलं सगळ्यात अवघड कौशल्य, आणि ते सरावानंच येतं.

एका तासाच्या रेकॉर्डिंगचं लिप्यंतर करायला चार ते सहा तास धरा, मराठी टायपिंगचा हात बसलेला नसेल तर आणखी. ते काम दुसऱ्याला देऊ नका. परवानगीशिवाय रेकॉर्डिंग कुठल्या ऑनलाइन सेवेला चढवू नका. कोडिंग (बोलण्याच्या तुकड्यांना अर्थाची नावं देणं) बोललेल्या मराठीतच करा. इंग्रजी प्रबंधात लागतील तेवढीच वाक्यं शेवटी अनुवादित करा.

ब्राउन आणि क्लार्क यांनी २००६ मध्ये मांडलेल्या थीमॅटिक अ‍ॅनालिसिसच्या सहा पायऱ्या सगळे पाठ करतात, पण थीम (अनेकांच्या बोलण्यातून वर येणारा सामाईक अर्थ) म्हणून ‘कुटुंब’, ‘पैसा’, ‘मित्र’ लिहून आणतात. ही नुसती खाती झाली. समजा, बऱ्याच जणांच्या बोलण्यात येतं की आईचा फोन आला की ‘चाललाय अभ्यास’ एवढंच सांगतो. तर ‘घरच्यांना जपण्यासाठी त्यांच्यापासून लपवणं’ ही थीम. तिच्यात काहीतरी विधान आहे. सोबत एक डायरी ठेवा. तुम्ही स्वतः कधी अभ्यासिकेत बसला असाल तर कुणाचं बोलणं पटकन पटतं आणि कुणाचं खटकतं, ते त्यात लिहा. व्हायवाला (तोंडी परीक्षेला) ‘मुलाखती आठच जणांच्या?’ असा प्रश्न येतोच. तिथे टक्केवारीच्या भाषेत बचाव करू नका. अनुभव खोलात जाऊन समजून घ्यायचा होता आणि हेच आठ का निवडले, हे सांगा.

संमतीपत्र साध्या मराठीत हवं. आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) २०१७ ची नैतिक मार्गदर्शक तत्त्वं एकदा वाचून काढा. गोपनीयतेचं वचन देतानाच तिची मर्यादा सांगा: जिवाला धोका दिसला तर मी गप्प बसणार नाही. असं बोलणं निघालं तर मुलाखत थांबवा, त्या व्यक्तीला एकटं सोडू नका, गाइडला त्याच दिवशी कळवा. टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी क्रमांक प्रत्येक सहभागी व्यक्तीच्या हातात कागदावर आधीच दिलेला असावा.

शेवटी दोन्ही जोडा. फॉर्म भरलेल्यांतून सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी गुणांची काही माणसं मुलाखतीला निवडा. मग एक तक्ता करा: डावीकडे प्रत्येकाचे ताणाचे आणि आधाराचे गुण, उजवीकडे त्याचं बोलणं. एखाद्याचे आधाराचे गुण भरपूर असतील आणि मुलाखतीत तो म्हणेल की घरच्यांच्या अपेक्षेनंच झोप उडते. अशी ओळ आली की ती तक्त्यातून काढू नका, तळटीपेतही ढकलू नका. चर्चेचं प्रकरण तिच्यापासून लिहायला घ्या.